मुद्द्याला धरून

आमच्या गावात ग्रामसभेत बोलायचं असेल तर मुद्दा सोबत आणावा लागतो, आणि त्याला आधार मिळेपर्यंत त्याचा हात धरून ठेवावा लागतो. हात सुटला की मुद्दा घरी निघून जातो. मग बोलणाऱ्यानं गुमान खाली बसायचं.

ओढ्याकाठचा धुण्याचा कट्टा पाडून तिथं स्वागत-कमान उभी करायची, असं उपसरपंच शिवदास खराडे यांच्या मनानं घेतलं. कट्टा गेला तर आम्ही बायकांनी धुणं घेऊन जायचं कुठं? कमानीखाली? मी जाहीर करून टाकलं, यावर मी बोलणार.

सभेच्या सकाळी दोन मुद्दे माझ्या ओट्यावर येऊन बसले. एक किरकोळ अंगाचा, शेवाळाचा. धुणं पलीकडच्या काठावर न्यावं तर तिथं शेवाळ आहे, पाय घसरतो, एवढंच त्याचं म्हणणं. दुसरा मिशीवाला, दांडगा: ‘बायकांना विचारलं का?’

“आधी मी जाणार,” मिशीवाला म्हणाला. “माझ्यावर टाळ्या पडतात, काकी.”

“तुला आधार काय?”

“माझा आवाज.”

“आवाज खराड्यालाही आहे. उभा राहून दाखव.”

तो उठला आणि तुळशीकट्ट्यावर आडवा झाला. आधाराशिवाय मुद्दा उभा राहत नाही, कितीही मिश्या असोत.

“शेवाळ पुढं. तू शेवटी,” मी म्हणाले. “तुझा आधार सभेतच मिळेल. तोवर माझ्या खांद्यावर रेल, आणि तोंड उघडू नकोस.”

तो रुसला. चहा दिल्यावर आला.

सभेत खराडे आधी बोलले. त्यांचा शोभेचा मुद्दा तालुक्याहून आणलेला, उंच, अत्तर लावलेला. आधाराला शेजारच्या गावच्या कमानीचा फोटो. टाळ्या जोरात पडल्या. ग्रामसेवक बाईंनी फोटो चाचपून पाहिला आणि “आधार आहे,” असं सांगितलं. पण मी दोन हातांत दोन मुद्दे घेऊन उठले.

“ठकूकाकी, सभेला नमस्कार तरी करा!” मागून कुणीतरी टोमणा मारला.

“हात मोकळा नाही, मेल्या!”

शेवाळाच्या मुद्द्याला मी कलावतीकडे दिलं. ती पलीकडे घसरून पडलेली. मनगट अजून वाकडंच आहे. ते तिनं वर करून दाखवलं. मुद्दा तिला टेकून ताठ उभा राहिला.

मग मी मिशीवाल्याला पुढं घेतलं. “कट्टा पाडायच्या आधी जिला विचारलं असेल, तिनं हात वर करावा.”

एकही हात वर होणार नाही आणि तोच माझा आधार, असा माझा हिशेब.

एक हात वर झाला.

हात सोनाबाईंचा. सोनाबाई म्हणजे खराड्यांची आई. मिशीवाला लटपटला. त्याचा सगळा भार माझ्या मनगटावर आला.

“मला विचारलं होतं,” सोनाबाई म्हणाल्या.

“बघा!” खराडे हसले.

“मी नको म्हणाले होते. सांग ना शिवा, गप का?”

मिशीवाला सोनाबाईंकडे चालत गेला आणि त्यांच्या खांद्याला टेकला. इतका सरळ उभा राहिलेला मुद्दा आमच्या सभेनं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ग्रामसेवक बाईंनी दोघांना नीट निरखलं. “घरचा आधार. चालतो,” म्हणाल्या.

मतदान झालं. कट्टा राहिला. बायकांनी असा गलका केला की खराडे फोटो घडी करून खिशात घालत निघून गेले, आणि शोभेचा मुद्दा तिथंच राहिला. त्याला आमच्या गावात घर नाही, आणि तालुक्याची शेवटची एसटी निघून गेली होती.

“काय येतं तुला?” मी विचारलं.

“उभं राहायला येतं. कुणी धरलं तर.”

आता तो कट्ट्यावर असतो. दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं की लुगडी जमिनीला लागत नाहीत. आणि खरं सांगते, शोभतोही.