एबोनाइटचे दोन पूर्णांक सात

१९८४ साली मुलुंडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नंदा परब हिने फिजिक्सच्या जर्नलमध्ये खरं ते लिहिलं. प्रकरण तिथून सुरू झालं.

प्रयोग साधा होता. धातूच्या दोन समांतर पट्ट्यांमध्ये नुसती हवा असताना विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजायची, मग मध्ये एबोनाइटचा, म्हणजे कडक काळ्या रबराचा, तुकडा सरकवून पुन्हा मोजायची. क्षमता जितक्या पटीने वाढेल, ते उत्तर. बारा वर्षं प्रत्येक जर्नलमध्ये दोन पूर्णांक सात येत होतं. नंदाचं एक आलं.

"एक कसं?" फिजिक्सच्या मार्तंडसरांनी विचारलं.

"मध्ये एबोनाइट नव्हतंच, सर."

"ते बहात्तर सालीच हरवलंय. बाकीच्यांचं अडलं का?"

जर्नलवर सही झाली नाही. सहीवाचून बारावीच्या प्रॅक्टिकलला बसता येत नव्हतं आणि नंदाला तर इंजिनीयर व्हायचं होतं. तिने फोटोफ्रेमवाल्याकडून काचेचा तुकडा कापून आणला. फटीत तो चपखल बसला. मीटरचा काटा सरसर चढला, थेट सहा पट. पुस्तकातलं काही खरंच घडतं, हे नंदाने पहिल्यांदा पाहिलं.

"काच अभ्यासक्रमात नाही," सर मीटरकडे न बघता म्हणाले.

प्रकरण प्राचार्यांकडे गेलं, समिती नेमली गेली. समितीने लिहिलं: 'उपकरणात एबोनाइट नसल्याचे आढळले नाही, कारण तपासणीसाठी एबोनाइट उपलब्ध नव्हते. सबब, सदर काच यापुढे एबोनाइट समजावी. उत्तर पूर्वापार चालत आलेलेच राहील.' काचेवर पांढऱ्या रंगाने 'एबोनाइट' असं लिहिण्यात आलं आणि नंदाला सही मिळाली.

परीक्षेत तिला नेमका तोच प्रयोग आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा कागद उचलला.

"सगळ्या बॅचचं दोन पूर्णांक सात. तुला एकटीलाच सहा दिसतंय?"

"काटा बघा ना, सर."

"काटा बघत बसलो तर चाळीस पोरं तपासायची कधी? इंजिनीयरिंगला जायचंय ना तुला?"

नंदाने क्षणभर काट्याकडे पाहिलं. मग सहा खोडून दोन पूर्णांक सात लिहिलं. पैकीच्या पैकी मिळाले.

अठ्ठ्याऐंशीत ती इंजिनीयर झाली. घाटकोपर ते मुलुंडच्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासण्याची नोकरी लागली. पहिल्याच दिवशी साहेबांनी लिफ्ट सुरक्षित असल्याचा मागच्या वर्षीचा दाखला तिच्यापुढे सरकवला.

"तारीख तेवढी बदल."

नंदाने बदलली. तो दाखला तुमच्या लिफ्टमध्ये, बटणांच्या वर लावलाय. अक्षर सुंदर आहे.