रॅपलिंगचं दर्शन

लातूरच्या गंजगोलाईत भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या बसलिंगप्पांनी फोनवर एक साधा प्रश्न विचारला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. प्रश्न चारच शब्दांचा होता : कुठलं गं पोरी हे? पण तो त्यांनी विचारला नाही. का नाही विचारला, हे सांगायचं तर समोर बसून त्यांचाच चहा पिणाऱ्या मलप्पांकडे बोट दाखवावं लागेल.

मलप्पांचं कापडदुकान समोरच्या बाजूला. दोघंही एकाच महादेव मंदिराचे भक्त, एकाच यात्रा समितीचे सभासद आणि एकमेकांचे जन्माचे स्पर्धक. समितीचे यात्राप्रमुख गेली अकरा वर्षं बसलिंगप्पा होते. मराठवाड्यात ज्याच्यापुढं आपण नारळ फोडलेला नाही असा एकही महादेव उरलेला नाही, असं ते सांगत, आणि लोक ते ऐकूनही घेत. यंदा मात्र मलप्पांनाही प्रमुख व्हायचं होतं. निवड सोमवारी होती. जो जास्त जाणकार ठरेल तो महाशिवरात्रीची यात्रा नेणार, असा सगळा मामला होता.

अशात पुण्याहून तनुजाचा, म्हणजे बसलिंगप्पांच्या एकुलत्या एक मुलीचा फोन आला. आईवडिलांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून तिनं दोघांना भेट दिली होती. येत्या रविवारी दोघांनी रॅपलिंगला जायचं, कंधारच्या पुढं आहे, नावं नोंदवली आहेत, एवढं भराभरा सांगून ती मीटिंगला पळाली.

बसलिंगप्पा बुचकळ्यात पडले. रामलिंग त्यांना ठाऊक होतं. या लिंगाचं नाव मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. पण समोर मलप्पांचे कान टवकारलेले होते. तेव्हा बंद झालेल्या फोनमध्येच ते मोठ्यानं म्हणाले, "रॅपलिंग व्हय? जाऊ की. लई दिवस झाले जाऊन."

"कुठं म्हनलास?" मलप्पांनी विचारलं.

"रॅपलिंगला. कंधारच्या पुढं. लहानपनी वडिलांसंगं गेल्तो."

मलप्पांनी कप खाली ठेवला. मिशीचा चहा पुसला. "म्या दोनदा जाऊन आलो," ते म्हणाले.

बसलिंगप्पांच्या डोक्यात तिडीक गेली. देवाच्या ठिकाणाबद्दल माणसानं इतकं धडधडीत खोटं बोलावं? (आपण आत्ता काय बोललो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. रागाच्या वेळी त्यांच्या ध्यानात फक्त दुसऱ्याचं बोलणं राहायचं.)

बुधवारपर्यंत गंजगोलाईत रॅपलिंगची चर्चा सुरू झाली. लोक येऊन विचारू लागले, आणि बसलिंगप्पा सांगू लागले. स्वयंभू आहे, कड्याच्या पोटात आहे, दर्शन फार अवघड. कंधारच्या पुढं डोंगर आहेत, तेव्हा कडा असणारच, एवढाच त्यांचा आधार होता. समोरच्या दुकानातून मलप्पा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते आणि स्वतःच्या पदरची एखादी गुहा जोडत होते.

त्याच दिवशी तनुजानं फोनवर सूचनांचा कागद पाठवला. रोज सकाळी दोनशे माणसांचे फुलांचे फोटो येत असल्यामुळे बसलिंगप्पा फोनवर आलेलं काहीच उघडत नसत. त्यांच्या बायकोनं, गुरम्मानं, उघडला. संध्याकाळी तिनं विषय काढला. "तनुनं काय धाडलंय बगितलाव का? बूट घालून या म्हनतीय."

"देवाला कुनी बूट घालून जातंय का? तुला काय कळतंय त्यातलं."

गुरम्मा गप्प बसली. हे वाक्य ऐकलं की ती तीस वर्षं गप्पच बसत आलेली होती.

रविवारी पहाटेच्या एसटीनं दोघं निघाली. बसलिंगप्पांनी आदल्या रात्रीपासून अन्न घेतलेलं नव्हतं. अंगात पांढरा सदरा, कोरं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि खांद्याला पिशवी. पिशवीत दुकानातला नवा तांब्या पाण्यानं भरून, तोंडाला घट्ट फडकं बांधून घेतलेला, नारळ आणि बेल. गुरम्मानं साडीच्या आत तनुजाची कॉलेजातली जुनी ट्रॅकपँट घातली होती आणि पायांत तिचेच बूट. ते बघून बसलिंगप्पांचं डोकं सणकलं. पण शुभ कामाला निघताना भांडू नये म्हणून त्यांनी कंधारपर्यंत फक्त दात आवळून धरले.

कंधारहून ऑटोनं एका वाडीच्या डोंगरावर पोचले, तर समोर सगळा सावळा गोंधळ. ना कमान, ना घंटा, ना फुलवाला. माळावर एक कापडी मांडव, दोरांची भेंडोळी आणि डोक्यावर टोपडी घातलेली आठ-दहा तरणी माणसं. चपला ठेवायलासुद्धा जागा केलेली नव्हती. बसलिंगप्पांनी आवाज चढवून इथला विश्वस्त कोण म्हणून विचारलं. तेव्हा सोमेश नावाचा एक काटक माणूस पुढं आला आणि आपण इन्स्ट्रक्टर असल्याचं त्यानं सांगितलं. पुजाऱ्याला हल्ली असं म्हणत असतील, अशी बसलिंगप्पांनी समजूत करून घेतली.

"खाली किती येळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यांदाच असेल तर वीस मिनिटं, सर."

"गर्दी?"

"एका वेळी एकालाच सोडतो."

"हे बराबर हाय. न्हाईतर लोक धक्के देत्यात."

"धक्का कुणी देत नाही, सर. आपणच झुकायचं. पण मागं."

देवापुढं मागं झुकण्याची रीत त्यांनी कुठं पाहिली नव्हती. पण लहानपणी येऊन गेलेल्या माणसानं रीत विचारणं बरं दिसलं नसतं. सोमेशनं डोक्यावर हेल्मेट चढवलं, ते त्यांनी चढवू दिलं. नांदेडला गुरुद्वारात डोकं झाकल्याशिवाय सोडत नाहीत, तसं इथलंही असेल. कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळले, धोतराचा पार बोळा झाला, तेही त्यांनी सहन केलं. एका कागदावर सही मागितली, ती अभिषेकाची पावती समजून केली. पिशवी मात्र त्यांनी सोडली नाही. सोमेशनं तीनदा मागितली. तीनदा त्याला ऐकावं लागलं की देवापुढं रिकाम्या हातानं जायला आम्ही कुणी ऐरेगैरे नाही, लातूरचे आहोत. शेवटी त्यानं नाद सोडला.

मग त्यांना कड्याच्या टोकाशी पाठमोरं उभं केलं. मागं काय आहे ते बसलिंगप्पांनी मान वळवून पाहिलं. मागं काहीच नव्हतं. लांब खाली शेळ्या होत्या, त्याही मुंगळ्याएवढ्या.

"खाली बघू नका, सर. माझ्याकडं बघा."

"तुज्याकडं बगायला मी लातूरहून आलो का?"

"झुका, सर. मागं झुका."

उपाशी पोटी माणसाचा विरोध फार टिकत नाही. ते झुकले. झुकताक्षणी पिशवी खांद्यावरून घसरली आणि उलटी झाली. पहिल्यांदा तांब्या गेला, त्याच्यामागं नारळ, आणि मग बेलाची पानं हवेत तरंगत, अगदी सावकाश. खालून फट्ट असा आवाज आला. खाली लिंबाच्या सावलीला वाडीच्या चार बाया शेळ्या घेऊन बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. कड्यावरून माणसं उतरताना त्यांनी महिनाभर पाहिली होती, पण एका गोल दगडावर आभाळातून पाणी, नारळ आणि बेल पडताना पहिल्यांदाच पाहत होत्या.

पंधरा-वीस फूट उतरल्यावर कड्यात उगवलेल्या बाभळीत धोतर अडकलं. बसलिंगप्पा तिथंच लटकले. ना वर, ना खाली. तोंड मात्र सुरूच होतं. भाविकांची ही काय तऱ्हा लावली आहे, बायाबापड्यांनी काय करायचं, समितीकडून आपण तक्रार करणार, असं ते कड्याला ठणकावून सांगत होते. तेवढ्यात वरून गुरम्माचं डोकं दिसलं.

"आवो, उगं बोंबलू नका," ती म्हणाली. "खाली लिंग-बिंग काय न्हाई. दोर धरून कडा उतरायचा, त्यालाच रॅपलिंग म्हनत्यात."



"तुला कवा कळालं?"

"बुधवारी. तनुच्या कागदात लिवलेलं की समदं."

"मग सांगितलीस कामून न्हाई?"

"तुमी लहानपनी जाऊन आलाव म्हनलाव. म्या काय सांगू?"

 उत्तर शोधायला बसलिंगप्पांनी अंग जरा हलवलं, आणि टर्रकन धोतर फाटलं. दोरानं धरेपर्यंत ते चांगले दोन हात खाली आले. चाळीस वर्षं रोज जप करणाऱ्या माणसाच्या तोंडून अशा वेळी देवाचं नाव यावं. पण पोटापासून जी आरोळी निघाली ती "गुरम्माऽ" अशी निघाली. दुसऱ्यांदाही तीच निघाली आणि तिसऱ्यांदाही. कड्यानं ती जशीच्या तशी परत केली. अशा रीतीनं अर्ध्या धोतरात, बायकोचा धावा करत, बसलिंगप्पा जमिनीला लागले. उरलेलं अर्धं धोतर वर बाभळीवर फडफडत राहिलं.

बायांनी त्यांना हात जोडले. थट्टा करतात असं वाटून ते त्यांच्या अंगावर वसकन ओरडले, आणि बाया आणखीच वाकल्या. त्यांच्यामागून शेळ्या एका रुंद वाटेनं रमतगमत डोंगरावर निघाल्या होत्या. बसलिंगप्पा त्या वाटेकडे बघतच राहिले. मग त्यांनी खालूनच सोमेशला हाक मारली. एवढी चांगली वाट असताना दोरानं कामून सोडतोस, असं त्यांनी विचारलं. सोमेश म्हणाला की सर, मजा तर त्यातच आहे. त्या दिवशी त्यांना सगळ्यांत जास्त राग या उत्तराचा आला.

गुरम्मा सहा मिनिटांत उतरली. तिनं साडी खोचून घेतली होती. पायांत बूट असल्यामुळे ती कड्यावर पायऱ्या असल्यासारखी आली. खाली पोचल्यावर तिनं हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि आणखी एकदा जाता येतं का, अशी चौकशी केली.

परतीच्या एसटीत बसलिंगप्पांनी जन्मात पहिल्यांदा बायकोपुढं हात जोडले. गंजगोलाईला हे कळलं तर तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. शिवरात्रीची यात्राही गेली असती. कुणाला काही सांगणार नाही, असं गुरम्मानं शेंगा फोडत फोडत कबूल केलं.

सोमवारच्या बैठकीत त्यांनी बेतानं सांगितलं. दर्शन घडलं, पण वाट जीवघेणी आहे, वयस्कर लोकांनी नाद करू नये. झालं. मलप्पा उठून उभे राहिले. आपण दोनदा गेलो, आपल्याला काही जीवघेणं वाटलं नाही, ज्याला भीती वाटते त्यानं घरी बसावं, समितीला मी नेतो. टाळ्या पडल्या आणि मलप्पा यात्राप्रमुख झाले. अकरा वर्षांचा मान एका लबाडानं नेला, आणि त्याची लबाडी उघडी करायची तर आधी आपली करावी लागणार. बसलिंगप्पांना तीन दिवस जेवण गेलं नाही. एकाच विचारानं जरा बरं वाटे. मलप्पा पाहणीला चार माणसं घेऊन जातील, तिथं नुसता कडा बघतील आणि काळं तोंड घेऊन परत येतील.

मलप्पा तीन आठवड्यांनी जाऊन आले. थेट बसलिंगप्पांच्या घरी आले, हातात प्रसादाची पुडी आणि कपाळाला विभूती. चेहरा नुसता उजळला होता. त्यांनी फोनमधला फोटो पुढं केला. गोल दगडाला भस्म लावलेलं, भोवती ओटा, समोर चेपलेला तांब्या, वर घंटा. मागच्या कड्यावर तांबड्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : श्री गुरम्मादेवी प्रसन्न. आणि त्याच्याही वर, बाभळीवर, पांढरं निशाण. निशाणाचा काठ बसलिंगप्पांनी लगेच ओळखला.

"शेळ्यांच्या वाटंनं आरामात उतरलो," मलप्पा सांगू लागले. "पन उतरताना देवीचा धावा करावा लागतोय. वैनींच्याच नावाची हाय देवी. गुरम्माऽ म्हनून, तीनदा, पोटापासून. त्याबिगर मानूस धड खाली पोचत न्हाई म्हनत्यात."

बसलिंगप्पांनी फोन ओढून घेतला आणि फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"तुला ठावं नव्हतं?" मलप्पांनी डोळे बारीक केले. "तितलं शेंबडं पोरगंबी सांगतंय हे. तू तर कवा बोलला न्हाईस. म्हंजी बसाप्पा, तू रॅपलिंगला कवा गेलाच न्हाईस."

खरं सांगायला बसलिंगप्पांनी तोंड उघडलं. पण खरं सांगायचं तर तो पहिला धावा कुणी केला, कुणाच्या नावानं केला आणि त्या वेळी अंगावर किती धोतर होतं, तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी साक्षीला गुरम्माकडे पाहिलं. ती चहा घेऊन आली होती. तिनं पहिला कप मलप्पांना दिला आणि प्रसाद डोक्याला लावून तोंडात टाकला.

मलप्पांनी खिशातून शिवरात्रीची यादी काढली. "पहिल्यांदाच येणारे भाविक" या मथळ्याखाली सगळ्यांत वर बसलिंगप्पांचं नाव लिहिलं.

"बूट घालून ये," ते म्हणाले. "तुला काय कळतंय त्यातलं."