पुराव्यानिशी कावळा

दुपारचा एक वाजून गेला तरी कावळा आला नव्हता, आणि तो घास शिवल्याशिवाय प्रल्हाद सोवनीची आई जेवणार नव्हती.

वडिलांची तिथी होती. अमिरातीत, खलिफा सिटीतल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर, केरळी दुकानातून आणलेल्या केळीच्या पानावर खीर, वडे, गवारीची भाजी आणि आमसुलाची चटणी मांडली होती. सप्टेंबरच्या उन्हात खिरीवर साय धरली आणि वडे दुसऱ्यांदा तळल्यासारखे दिसायला लागले. साळुंक्या आल्या, पारवे आले, एक बुलबुलही डोकावून गेला. प्रल्हाद टॉवेल फिरवून सगळ्यांना हाकलत होता.

"पुण्यात पान ठेवायचा अवकाश, कावळे तुटून पडतात," जिन्याच्या दारात खुर्ची टाकून बसलेली आई म्हणाली. "इथं काय झालंय मेल्यांना?"

"अगं, आपल्या भागात नाहीतच कावळे. वर्षातून एखादा दिसला तर दिसला."

"आजी, दे आर ॲन इन्व्हेजिव्ह स्पीशीज हिअर," नातू अथर्व मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

"काय म्हणतोय हा?"

"म्हणतोय, त्यांना इथं व्हिसा मिळत नाही," प्रल्हादची बायको रंजिता म्हणाली.

हसण्यासारखी वेळ नव्हती खरं तर. आईला मधुमेह. सकाळची गोळी घेतलेली आणि पोटात फक्त कोरा चहा. गुरुजींनी फोनवरून दर्भाचा कावळा करून घास शिवायचा तोडगा सांगितला होता. आईनं तो झिडकारला. "गवताचा कावळा मला नको. चांगला चोचीनं खाणारा हवा."

आता गंमत बघा. एका पक्षिमित्र मंडळानं, अमिरातीत कोणी कुठला दुर्मिळ पक्षी पाहिला, ते खरं की खोटं हे ठरवायला तीन माणसं नेमली होती, आणि त्यातला सगळ्यात कडक माणूस म्हणजे हा प्रल्हाद. आठवडाभर कंपनीत पाइपांची वेल्डिंगं नापास करायची आणि सुट्टीच्या दिवशी लोकांचे पक्षी! खालच्या मजल्यावरच्या ॲल्फ्रेड लोपीसचे तर चार पक्षी त्यानं ओळीनं नामंजूर केले होते. ॲल्फ्रेड वसईचा, हॉटेलात नोकरीला, मनानं लोणी. त्याच सकाळी लिफ्टमध्ये त्यानं प्रल्हादचा दंड धरला होता.

"प्रल्हाद, बेकरीच्या पाठीमागे कावळा बघितला रे! पोट पांढरंफटक. आफ्रिकेतला तो!"

"फोटो?"

"हातात पावाची पिशवी, मोबाइल घरी. कॅमेरा कुठून आणू?"

"अंतर किती होतं? ऊन कुठल्या बाजूनं? सोबत कोण होतं?"

"सोबत देव होता. चालेल?"

"नाही चालणार. साळुंकी असेल," प्रल्हादनं निकाल दिला, आणि लिफ्टचं दार उघडलं.

पण आता पाळी त्याच्यावर आली होती. त्यानं मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'कावळा हवा आहे. अर्जंट.' सहाशे माणसांचा ग्रुप दोन मिनिटं गप्प झाला. मग पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानच्या हारुनभाईंचं उत्तर आलं, 'हबीबी, हमारे यहाँ सैकड़ों हैं. आ जाओ.'

"मग चला की," आई उठायलाच लागली.

"आई, तीन तास लागतात तिकडे जायला."

"तोवर आईंचं काय होईल?" रंजितानं नवऱ्याला बाजूला ओढलं. "अहो, सांगा ना आला म्हणून. जेवतील तरी."

"खोटं सांगू?"

"नाही तर मग साखर उतरली की ॲम्ब्युलन्सला खरं सांगा."

प्रल्हाद कठड्याशी गेला. घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदाच तो न पाहिलेला पक्षी जाहीर करणार होता. "आला! आई, आला गं! शिवला आणि गेलासुद्धा!"

आई खुर्चीतून हललीही नाही. "कुठल्या बाजूनं आला?"

"अं... पूर्वेकडून."

"आधी चोच कशाला लावली?"

"खिरीला."

"वडा सोडून खिरीला? बरं. मान कशी होती?"

"काळीभोर."

"आपल्या कावळ्याची मान राखाडी असते. परवा तूच फोनवर कुणाच्या तरी अंगावर ओरडत होतास. आणखी कोणी पाहिला?"

प्रल्हादनं आशेनं रंजिताकडे पाहिलं. रंजिता पाण्याच्या टाकीकडे बघत होती.

"नामंजूर," आई म्हणाली.

तीन आठवडे त्या घरात राहून तिनं एवढं तरी शिकून घेतलं होतं. मग मात्र तिचा आवाज उतरला. "तुझ्या बाबांना एकच सल होता बघ. आपला मुलगा कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. त्यांना झटका आला म्हणून कळवलं, तर तू म्हणालास, आधी रिपोर्ट पाठवा. ते ऐकूनसुद्धा हसले होते रे ते. पण मला माहितीये कसे हसले ते."

हे मात्र प्रल्हादला लागलं. टॉवेल खांद्यावर टाकून त्यानं ॲल्फ्रेडला फोन लावला.

"ॲल्फ्रेड, सकाळचा तो कावळा... बेकरीमागे नक्की कुठे?"

"कावळा कुठला? साळुंकी होती ना ती?" ॲल्फ्रेडचा आवाज बर्फासारखा होता. "घाल तिलाच वडे."

"चुकलं बाबा माझं. आई उपाशी आहे सकाळपासून."

पलीकडून धाडकन दार आपटल्याचा आवाज. "आंटी उपाशी? आणि हे आत्ता सांगतोस? खाली ये! कॅमेरा घेऊ का?"

"कॅमेरा मरू दे. तू आधी चल!"

आईला गाडीत एसी लावून बसवलं. रंजितानं जेवणाचा डबा मांडीवर घेतला. प्रल्हाद दोन्ही हातांत केळीचं पान तोलत, सोवळं नेसून, बेकरीमागच्या कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढायला लागला. खुबूस, म्हणजे अरबी पाव, भाजणारा जहूर बाहेर आला आणि ते रूप बघून त्यानं हातातला पिठाचा डबा खाली ठेवला.

"कव्वा? वो तो रोज आता है साब. खुबूस खाता है. उधर रखो."

प्रल्हादनं पान भिंतीवर ठेवलं. हात जोडले. मागे सरकला. अंगातून घामाच्या धारा चालल्या होत्या.

आणि तो आला. समोरच्या खांबावरून सरळ खाली उतरला. काळाकुळकुळीत, आणि छाती-पोट पांढरंशुभ्र! हजार मैल ओलांडून, बहुधा कुठल्या तरी जहाजावर बसून आलेला आफ्रिकेतला कावळा. नऊ वर्षांत प्रल्हादच्या स्वतःच्या नावावर एकही दुर्मिळ नोंद नव्हती. आज तो पक्षी पाच हातांवर होता, ऊन पाठीमागून येत होतं, साक्षीदार दोन होते. फक्त कॅमेरा नव्हता, आणि दोघांचेही मोबाइल गाडीत राहिले होते. पक्ष्यानं मान तिरकी केली, दोन्ही वडे चोचीत घेतले आणि उडून गेला.

"काय सांगत होतो मी तुला!" ॲल्फ्रेड नाचायला लागला. जहूरनंही कारण न कळता टाळ्या वाजवल्या.

प्रल्हाद गाडीकडे धावला. नुसतं 'आला' म्हटलं असतं तरी आई जेवली असती. रंजिता डोळ्यांनी तेच सांगत होती. पण गडी पडला परीक्षक.

"आई, शिवला. ॲल्फ्रेडनं पाहिला, जहूरनं पाहिला. पण... तो आपला नेहमीचा कावळा नव्हता. जात वेगळी आहे. पोट पांढरं होतं."

रंजितानं कपाळावर हात मारला. डब्याकडे गेलेला आईचा हात थांबला.

"पांढरं? कुठवर?"

"गळ्याखालून पोटापर्यंत. खांद्यावरूनही थोडं मागे गेलेलं."

"हात काळेच?"

"हो. म्हणजे... पंख काळे."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायला लागली.

"गंजीवरच आले! पंचेचाळीस वर्षं सांगून दमले, अहो, चारचौघांत जाताना वर शर्ट चढवा. ऐकतील तर शपथ! रंजिता, वाढ गं. भूक लागलीये मला." आणि गाडीतच तिनं पहिला घास घेतला.

संध्याकाळी प्रल्हाद मंडळाचा फॉर्म भरायला बसला. पहिल्या निरीक्षकाच्या जागी त्यानं ॲल्फ्रेडचं नाव लिहिलं, दुसऱ्या जागी स्वतःचं. फोटोच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. पुढचा रकाना होता, ओळख पक्की करणाऱ्याचं नाव आणि त्याचा या पक्ष्याशी किती वर्षांचा परिचय आहे. बऱ्याच वेळानं त्यानं आईचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं, 'पंचेचाळीस वर्षांचा. पत्नी.'