पेन्सिलीतले दोन पूर्णांक सात

माणूस गेल्याची बातमी कचेरीत सर्वांत आधी फॉर्मला कळते. औषधांच्या त्या प्रयोगशाळेत सव्वाअकराला 'तपासणाऱ्याची सही' हा चौकोन कोरा सापडला, चौकशी झाली, आणि तपासनीस बाई पहाटे वारल्याचं सर्वांना अधिकृतपणे समजलं. (नवऱ्याला थोडं आधी कळलं होतं. तो त्याच टेबलावर मोजणारा होता. त्याचा रजेचा अर्ज उशिरा आल्याची नोंद आहे.)

काम साधं. गोळीचा अर्क पोलादी नळीतून सोडायचा. त्यातले पदार्थ एकेक करून बाहेर पडतात आणि कागदावर त्यांचे डोंगर उमटतात. आधी नळीचं घनफळ काढायचं. नियमाप्रमाणे ते ४.१५ मिलिलिटर. मिनिटाला एक मिलिलिटर द्रव, म्हणजे पहिली चार मिनिटं काही येणार नाही. नोंद त्यानंतर सुरू. नियम लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने नळी पाहिली होती, पण रिकामी.

"अहो, आत पूड ठासून भरलीय," बाई नवऱ्याला म्हणायच्या. "गव्हाने भरलेल्या डब्यात डबाभर पाणी मावतं का?" मग समासात पेन्सिलीने २.७ लिहायच्या. बावीस वर्षं नोंद तिथूनच सुरू झाली. सव्वातीन मिनिटांनी एक नको असलेला, भेसळीचा डोंगर यायचा. तो मोठा दिसला की बाई माल परत पाठवायच्या. गेल्या वर्षी तीनदा.

नवे तपासनीस शिस्तीचे निघाले. पेन्सिल हा पुरावा नव्हे, म्हणून त्यांनी शाईने ४.१५ लिहिलं. परत जाणारा माल शून्यावर आला. विभागाला अभिनंदनाचं पत्र मिळालं.

नवरा कामावर आला तो थेट साहेबांकडे गेला.

"साहेब, सव्वातीनचा डोंगर सुटतोय."

"कागदावर तर दिसत नाही."

"कागद चारनंतर सुरू होतो."

"मग बरोबरच आहे की." साहेबांनी तरी दुरुस्तीचा फॉर्म काढला, माणूस दुःखात होता. "यावर जुन्या तपासनिसांची सही लागेल."

"ती गेली, साहेब."

"तसा रकाना नाही हो. रजा, बदली, निवृत्ती. काय लिहू?"

त्याने पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"रजा लिहा."

त्यामुळे बाई हजर होईपर्यंत प्रकरण प्रलंबित आहे. गोळी चार मिनिटांपासून पुढे शंभर टक्के शुद्ध आहे. आज सकाळी आपण घेतलीत, तीच. त्याआधीचं अजून कुणी पाहिलेलं नाही.