कानबाईचे रोट आणि आमचं गाढव

यंदाच्या श्रावणात कानबाई देवी आमच्या घरी बसवू, असं मी सासूबाईंना आपण होऊन म्हटलं. तेवढं एक वाक्य गिळलं असतं, तर आज अंगणात मान वर करून फिरले असते.

झालं असं, की आमच्या पिंप्राळ्याच्या घराला भाऊबंदांत सगळे पांजरपोळ म्हणतात. दोष ह्यांचा. (दोष ह्यांचाच असतो, निस्तरते मी.) लोकांचे नवरे ऑफिसातून येताना भाजी आणतात. आमचे पितांबरराव लुनावर कधी मोटारीखाली सापडलेलं कुत्रं आणतात, कधी कोणी टाकून दिलेली आंधळी शेळी. रावेरच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकनं उडवलेलं गाढव तर टेम्पो करून आणलं. पाय बांधला, हळद भरली, म्हणाले, चार दिवसांत जाईल. त्यानंतर दिवाळी झाली, संक्रांत झाली, आखाजी झाली. गाढव आहे. पाय तेवढा वाकडा बसला.

पदरी दीड वर्षाची रुपली. तिच्या पोटात कुत्र्याचा केस गेला तर काय, या धास्तीनं मी दूध दोनदा गाळते आणि वर उजेडात धरून बघते. पण खरं सांगते, तीनपायी कुत्री एक वेळ जेवली नाही, तर माझाही घास उतरत नाही. म्हणून तर लोकांची तोंडं बंद करायला मी कानबाई मागून घेतली.

घर आहे आबांचं. आबा म्हणजे ह्यांचे थोरले काका रुपचंद आबा, नरडाण्याला असतात. भाऊबंदांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचा निरोप आला, की कानबाईला येतो आणि घरही बघतो. घाण दिसली तर सोमवारी कानबाईची बोळवण, तशी त्याच दिवशी जनावरांचीही. ते ऐकल्यापासून ह्यांचं घरात लक्ष लागेना. संध्याकाळी गाढवाशेजारी उकिडवे बसून राहायचे. दोघं एकाच दिशेला बघत असायचे.

मी कामाला लागले. कुत्र्यांना साबणानं आंघोळी घातल्या, शेळीच्या शिंगांना तेल लावलं, अंगण सारवलं. रविवारी गावाहून सासूबाईंना घेऊन आबा आले, मागं हात बांधून सगळीकडे फिरले आणि मिशीवरून हात फिरवला. ह्यांनी मला डोळ्यानं खूण केली, की जिंकलो. माझ्या मेलीच्या तिथंच डोक्यात हवा गेली.

आता रोट म्हणजे पोरखेळ नाही. कानबाईचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, भाऊबंदांनीच खायचा, परक्याला कण द्यायचा नाही. सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा देत नाहीत, ती दुसऱ्या कुळाची झाली म्हणून. मी चुलीपुढं बसून टोपलंभर रोट केले. गरम रोटाला रुपलीचा हात भाजेल, म्हणून टोपलं खाली ठेवायचं नाही. वर ठेवलं तर मांजर. मग मी ते मागच्या खिडकीत निवत ठेवलं. बाहेरून कुत्री उडी मारतील, त्यावरही उपाय केला. कुत्री गाढवाच्या लाथेला भितात, म्हणून गाढव आणून खिडकीखाली बांधलं. (सातवीला माझा गणितात पहिला नंबर होता. उगीच नाही.)

आरती झाली, पंगत बसली, मी रोट आणायला गेले. खिडकीच्या गजांतून एक लांब तोंड आत आलेलं होतं आणि डोळे मिटून शांतपणे चावत होतं. टोपलं निम्मं.

मी कुत्र्यांचा विचार केला होता, मांजराचा केला होता, रुपलीचा केला होता, कावळ्यांसाठी फडकं घातलं होतं. गाढवाचा केला नव्हता. गाढवाचा कोण विचार करतं?

मागं पावलं वाजली. आबा. त्यांच्यामागं सासूबाई, त्यांच्यामागं सगळी पंगत.

"उंदीर," मी म्हटलं.

आबांनी खिडकीकडे पाहिलं. गाढवानं ओठावरचा रोटाचा तुकडा जिभेनं आत घेतला.

"भलता मोठा शे," आबा म्हणाले.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "लेकले नही देतस आपण, आन् गधडानी खादा. आते कानबाईले काय सांगू?"

हे उठले, बाहेर गेले आणि गाढवाचं दावं सोडू लागले. सोडून येतो म्हणाले, पण गाठ काही सुटेना. मघाशी ती मी दोन फेऱ्यांची मारली होती, आणि ह्यांना दिसतही नव्हतं. डोळे भरले होते.

"थांब पितांबर," आबा म्हणाले. "परकानी रोट खादा ते कानबाई कोपस. भाऊबंदनी खादा ते कशी कोपी?"

"हाऊ कसाना भाऊबंद?" सासूबाई म्हणाल्या.

"जठे रोट जास तठे भाऊबंदकी. पहिलेच आपलामा इतला गधडा शेतस, त्यामा हाऊ आनखी एक."

जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

झालं. भाऊबंदाला घराबाहेर काढता येत नाही आणि भाऊबंद राहिला, की त्याचं बिऱ्हाडही राहतं. कुत्री राहिली, शेळी राहिली. ह्यांनी आबांच्या पायांवर डोकं ठेवलं, मग बाहेर जाऊन गाढवाच्या गळ्यात हात टाकला. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

पण सासूबाई हिशेबाच्या पक्क्या. भाऊबंद म्हटलं की नातं लागलंच पाहिजे. आबांनी गाढवाचे दात बघितले आणि सांगितलं, की चांगलं पोक्त आहे. म्हणजे ह्यांच्याहून थोरला. म्हणजे माझा जेठ. तेव्हापासून मी चारा टाकते तो डोक्यावर पदर घेऊन, नजर खाली ठेवून. कुंपणापलीकडून प्रमिलाबाई रोज बघतात. मी आपली कपाळाला ऊन लागतं म्हणते.

सासूबाई अजून गावी गेलेल्या नाहीत. काल मी वाकले, तर ह्या थोरल्यांनी माझा पदरच तोंडात धरला. नवं पातळ. मी ओरडले, दोन शिव्याही दिल्या.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "जेठनापुढे वरडू नको, माय. त्यासले पदर आवडस व्हई, खाऊ दे."