मी वरील सर्व वाचले आहे

जगात जेवढी म्हणून कुलपं आहेत, ती चोरासाठी नसतात. चोराला कुलपाचं काही वाटत नाही. ते त्याच्या नित्यकर्मात मोडतं. कुलूप असतं ते मालकासाठी. आपण आपल्याच घराचे खरोखर मालक आहोत ना, याचा पुरावा त्याला अधूनमधून देता यावा, म्हणून. पूर्वी हे ज्ञान फक्त विरक्त माणसांना व्हायचं. संगणक आल्यापासून ते घरोघरी पोचलं आहे, आणि त्याबद्दल संबंधित कंपन्यांचे मानावे तेवढे आभार थोडेच.

वाचूनसहीकाकांना हा लाभ एकाहत्तराव्या वर्षी झाला.

हे नाव अर्थातच पाळण्यातलं नव्हे. काका चाळीस वर्षं नोंदणी कचेरीच्या दारात टेबल टाकून लोकांचे दस्त लिहीत. खरेदीखत असो, करार असो, मृत्युपत्र असो, समोरच्याने सहीसाठी हात पुढे केला की काका त्याचं मनगट धरत आणि म्हणत, "आधी वाचून, मग सही." यात लहानथोर, नातंगोतं काही बघितलं जात नसे. विवाहनोंदणीला आलेल्या एका जोडप्याला त्यांनी अर्जाची मागची बाजूही वाचायला लावली, तेव्हा मुलगी विचार करून उद्या कळवते म्हणाली. (अजून कळवलेलं नाही.)

नातंगोतं बघितलं जात नसे, तिथेच घोटाळा झाला. आई गेल्यावर तिच्या दोन खोल्यांच्या हक्कसोडीचा कागद काकांनी स्वतः लिहिला. चौदा पानं. थोरली बहीण, म्हणजे ताई, सहीला आली, पेन उघडलं, आणि काकांनी दोन साक्षीदारांदेखत तिचं मनगट धरलं. ताई म्हणाली, मी काय तुझं गिऱ्हाईक आहे का रे? काका म्हणाले, नियम म्हणजे नियम. ताईने हात सोडवून घेतला, चौदा पानांवर चौदा सह्या केल्या, एक ओळ वाचली नाही. "मी तुझ्या तोंडाकडे बघून सही केली," म्हणाली, "कागदाकडे बघून नाही. तुला ते पुरत नसेल, तर आपलं बोलणं संपलं."

आणि संपलं. अकरा वर्षं. लग्नकार्यात दोघं समोरासमोर आली तर ताई भिंतीला सांगे, "त्यांना म्हणावं पाणी घ्या." भिंत सांगत नसे, पण काका पाणी घेत.

यंदा ताईच्या घशात गाठ निघाली. गुरुवारी सकाळी स्वरयंत्रच काढायचं ठरलं. त्यापुढे ताई पाटीवर लिहून बोलेल, खुणांनी बोलेल; पण तिचा आवाज म्हणून जो होता तो बुधवारपर्यंतच. रविवारी भाचीचा फोन आला. आईला मामाशी बोलायचंय. त्या विभागात मोबाइल नेऊ देत नाहीत, भेटायलाही सोडत नाहीत. भिंतीला एक पडदा लावलाय, त्यावर 'सन्मुख' नावाच्या ॲपवरून बुधवारी पाच ते सव्वापाच अशी वेळ मिळालीय. "मामा, तेवढं तुमच्या संगणकावर टाकून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे."

'दोन मिनिटं' हे संगणकशास्त्रातलं माप आहे. घड्याळाशी त्याचा संबंध जोडणं हे अज्ञानाचं लक्षण होय.

सोमवारी सकाळी काकांनी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून कार्यारंभ केला. 'सन्मुख' आत यायला तयार होतं, परंतु त्याआधी संगणकाची मूळ प्रणाली ताजी करून घ्यावी, असं त्याचं म्हणणं पडलं. ती ताजी व्हायला तयार होती, परंतु जागा नव्हती. जागा करून देणारं एक सफाईचं साधन होतं, परंतु ते ठेवायला जागा नव्हती. शेवटी विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या सुनेने काहीतरी पुसून टाकलं (काय पुसलं ते विचारायचं नाही, असं तिने आधीच बजावलं होतं), आणि पडद्यावर एक निळी पट्टी सरकू लागली. ती नव्व्याण्णव टक्क्यांवर येऊन थांबली. दुपारच्या जेवणालाही तिथेच होती, चहालाही तिथेच. यात दोष काढण्यासारखं काही नाही. मोक्षाचंही असंच असतं, असं जाणते सांगतात: नव्व्याण्णव टक्के साधना आपली, शेवटचा एक टक्का वरून कृपा झाली तरच.

संध्याकाळी कृपा झाली. मग परवलीचा शब्द.

त्याचे नियम थोर होते. त्यात एक मोठं अक्षर, एक छोटं, एक आकडा आणि एक असं चिन्ह असावं की ज्याचं नाव घरात कुणालाच येत नाही. तो शब्दकोशात नसावा. तो मालकाच्या कायम लक्षात राहावा, पण कुणालाही, विशेषतः मालकाला, सहज सुचू नये. आणि तो कुठेही लिहून ठेवू नये.

शेवटच्या अटीवर काका अडले. जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही, या एका श्रद्धेवर त्यांची हयात गेली होती. तेव्हा त्यांनी रीतसर मार्ग काढला. 'परवलीच्या शब्दाचा दस्त' या मथळ्याखाली दोन प्रती केल्या, मजकूर खणखणीत आवाजात वाचून दाखवला, आणि साक्षीदार म्हणून काकू व कपडे द्यायला आलेला इस्त्रीवाला यांच्या सह्या घेतल्या. सून घरी आल्यावर म्हणाली, बाबा, आता हा शब्द तिघांना माहीत आहे, हा बदलावा लागेल. काकांना ते पटलं. त्यांनी शब्द बदलला आणि 'पूर्वीचा दस्त रद्द करून केलेला नवा दस्त' तयार केला. साक्षीदार तेच ठेवले, कारण त्यांना आता प्रकरणाची माहिती होती. चौथ्या दस्ताला इस्त्रीवाल्याने स्वतःचा एक शब्द सुचवला, तो यंत्राला सर्वांत जास्त आवडला.

मंगळवारी यंत्राने ओळख पटवण्यासाठी एक आकडा पाठवला. तो गेला काकूंच्या मोबाइलवर, कारण काकांचा स्वतःचा मोबाइल नाही, दोघांत मिळून तोच एक. काकूंनी संदेश उघडला, पूर्ण वाचला (हेही काकांचंच वळण) आणि मोबाइल पदराखाली धरला. "यात लिहिलंय, हा आकडा कुणालाही सांगू नका," त्या म्हणाल्या. "कुणालाही म्हणजे कुणालाही. नवरा सोडून, असं कुठं म्हटलंय?"

काकांनी संदेश मागवून पाहायचा म्हटलं, तर त्यातच आकडा. त्यांनी कायद्याच्या अंगाने पुष्कळ विचार केला आणि काकूंचं म्हणणं मान्य केलं. तोवर आकड्याची मुदत संपली. असे पाच आकडे आले आणि काकूंपाशी सुरक्षित राहून गेले. सहाव्याला सुनेने काकूंनाच खुर्चीवर बसवलं.

मग यंत्राला काका माणूस आहेत की कसं, ही शंका आली. नऊ चित्रं दाखवून त्याने विचारलं, यांपैकी जिने कुठले? काकांनी विचारलं, टेकून ठेवलेली शिडी जिन्यात धरायची का, दस्तात तर ती 'हलवता येण्याजोगी वस्तू' म्हणून वेगळी दाखवतात. यंत्राने उत्तर दिलं नाही. तीन प्रयत्नांनंतर ते माणूस नाहीत असा निर्णय झाला. काकू म्हणाल्या, मला पंचेचाळीस वर्षं लागली, याला पाच मिनिटं.

शेवटी जिने सुनेने ओळखले, आणि सुरक्षेचा प्रश्न आला. 'लहानपणी तुमचा सर्वांत जवळचा सोबती कोण?' काकांनी टंकलं: ताई. यंत्राने लाल अक्षरांत कळवलं की हे उत्तर फार छोटं आहे. काकांनी 'ताईताईताई' लिहिलं. 'सुरक्षितता: उत्तम', असा शेरा पडला.

इथवर आलेल्या माणसाला वाटतं की आपण गाभाऱ्यात पोचलो. तसं नसतं. उंबऱ्यावर करारनामा असतो. त्याखाली एक चौकोन, आणि चौकोनापुढे एकच वाक्य: 'मी वरील सर्व वाचले आहे व ते मला मान्य आहे.'

या वाक्याबाबत सुनेने जेवणाच्या टेबलावर एक पाहणी केली. (नमुना चौघांचा: ती, तिचा नवरा, तिच्या कचेरीतल्या दोघी फोनवरून.) आजवर दाबलेले चौकोन अंदाजे अकराशे. वाचलेली पानं शून्य. पश्चात्ताप शून्य. उलट एकीने विचारलं, वर काही असतं का?

वर शहाण्णव पानं होती. काकांनी चष्मा पुसला, तांबडी पेन्सिल घेतली आणि मंगळवारी संध्याकाळी वाचायला बसले. 'वाचले आहे' असं न वाचता लिहिणं म्हणजे खोटं निवेदन, आणि खोटं निवेदन त्यांनी आयुष्यात केलेलं नव्हतं. बुधवारी दुपारपर्यंत त्यांचे अकरा आक्षेप निघाले. कलम चौदा: कंपनी हा करार केव्हाही बदलू शकेल, आणि तो वाचत राहणं हीच बदलाला संमती समजली जाईल. कलम बावीस: 'तुम्ही' या शब्दात तुमचे वारस, पाहुणे आणि मागून डोकावणारे यांचा समावेश आहे. कलम सदतीस: पडद्यावर उमटलेला प्रत्येक चेहरा आणि प्रत्येक आवाज जपून ठेवण्याचा व वापरण्याचा हक्क कंपनीला कायमचा राहील.

इथे पेन्सिल थांबली. ताईचा आवाज गुरुवारी डॉक्टर घेणार होते. बुधवारीच तो कंपनीला लिहून देणारा दस्त आपल्या सहीने व्हावा, हे काकांना पेलवेना. त्यांनी अकरा आक्षेपांचं सविस्तर पत्र कंपनीला पाठवलं. उत्तर दोन सेकंदांत आलं (खाजगी क्षेत्राच्या कार्यक्षमतेचा हा पुरावा): आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. कृपया या पत्त्यावर लिहू नये, इथे कुणी बसत नाही.

चार वाजून चाळीस मिनिटांनी, काका एकाहत्तराव्या पानावर असताना, पडद्यावर सूचना आली: करारात सुधारणा झाली आहे. कृपया पहिल्यापासून वाचा.

पाचाला दहा कमी होते तेव्हा सून हळूच म्हणाली, बाबा, दाबा. सगळं जग दाबतं. काका म्हणाले, तसं सगळ्या जगाने मला लिहून दिलेलं नाही. काकू एरवी त्यांच्या नियमांवर काही ना काही बोलल्याशिवाय राहत नाहीत. त्या दिवशी त्या नुसत्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तिकडे ती बसली असेल. भिंतीकडे तोंड करून."

काकांचा उजवा हात पुढे झाला. डाव्या हाताने आपसूक त्याचं मनगट धरलं. क्षणभर दोन्ही हात तसेच राहिले. मग डाव्याने सोडलं, आणि चौकोनात बरोबरची खूण उमटली.

'सन्मुख' उघडायला सहा मिनिटं गेली, कारण त्याला आधी स्वतःला ताजं करून घ्यायचं होतं. पाच वाजून चार मिनिटांनी ताई दिसली. उशीला टेकून बसलेली, बारीक झालेली, गळ्याभोवती पांढरी पट्टी. आवाज घोगरा झाला होता, पण दरारा तोच.

"इतका वेळ? करार वाचत होतास ना?"

"हो."

"वाचून झाला?"

"नाही, ताई. पंचवीस पानं राहिली." काकांनी घसा खाकरला. "शिवाय त्यांनी तो बदलला. मी तसंच लिहून दिलं, वाचला म्हणून."

काकांना राहवेना, हाडाचे दस्तलेखक, लपवणार कसं? त्यांनी कलम सदतीसही सांगून टाकलं. तुझा आवाज आता त्यांचाही झाला, कायमचा.

ताई हसली. हसताना खोकली, आणि खोकून झाल्यावर पुन्हा हसली. "कुणाला तरी हवाय म्हणायचा," ती म्हणाली. "बस आता नीट. उजेडात बस, तोंड दिसू दे तुझं."

त्या अकरा मिनिटांत आणखी काय बोलणं झालं, ते काकांनी कुणाला सांगितलेलं नाही. सून आणि काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या. (कंपनीकडे नोंद आहे.) सव्वापाचला पडदा काळा झाला आणि यंत्राने विचारलं, या अनुभवाला तुम्ही किती तारे द्याल. काकांनी पाच दिले, आणि कागदाची घडी घालावी तसे हात एकमेकांवर ठेवून बसून राहिले.

आता या दोघा भावंडांचा हिशेब सरळ आहे. बहिणीने आयुष्यात एकदा न वाचता सही केली, ती भावाच्या तोंडाकडे बघून. भावाने एकदा केली, ती बहिणीचं तोंड दिसावं म्हणून. आपली भक्ती याहून पुष्कळ मोठी आहे. ज्याचं तोंड कधी बघितलं नाही, ज्याचा पत्ता ठाऊक नाही, ज्याच्या पत्त्यावर कुणी बसतसुद्धा नाही, त्याला आपण रोज, चहाचा कप हातातून खाली न ठेवता, वारसांसकट स्वतःला लिहून देतो. पलीकडे कुणी वाट बघत असतं असंही नाही, बहुतेक वेळा रंगीत गोळ्या फोडायचा खेळ असतो. अशी निखळ श्रद्धा फार थोड्या पिढ्यांच्या वाट्याला आली. फक्त सख्ख्या भावाने कागद पुढे केला, की तेवढं आपण म्हणतो, "ठेवून जा, सवडीने वाचतो."