बावणेकाका आणि उपडा डोंगा

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी तुम्ही नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत आला असतात, तर एका उपड्या डोंग्याखालून, म्हणजे लाकडी नावेखालून, दोन पाय बाहेर आलेले दिसले असते. नवीन माणूस घाबरायचा. आम्ही सांगायचो, काही नाही, बावणेकाका आहेत, भोकं शोधताहेत.

खाली अंधार, वर ऊन, जिथून उजेड येईल तिथे भोक, असं त्यांचं शास्त्र होतं. भोक सापडलं की ते आतून त्यात सळई खुपसायचे आणि ओरडायचे, "कोन हाय गा बाहेर? गोल कर!" मग जो कुणी जात असेल त्याने सळईभोवती खडूने गोल काढायचा. दूधवाल्याने काढला, कुरिअरवाल्याने काढला. मी तर दवाखान्यात ड्यूटीला निघताना खडू खिशातच ठेवायचो.

हा लाकडी डोंगा काकांनी वैनगंगेच्या काठावरून मिनी ट्रकात घालून आणला होता. गल्लीच्या टोकाला बंद पिठगिरणीसमोर तो उतरवला, तेव्हा शांताकाकू दारात उभ्या होत्या. "आली वं बाई, माही सवत आली," एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यानंतर त्यांनी त्या डोंग्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

नागपुरात डोंगा कशाला, हे कुणालाच कळेना. विचारलं की काका म्हणायचे, "आधी पानी कुठून येते थे पाहू दे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेली, त्यामुळे उभा जन्म गळती कागदावर पाहण्यात गेला होता. आता ती हातात सापडली होती. फटीत ताग ठासायचा, वरून तेलात उकळलेली राळ ओतायची. त्या वासाने गल्लीतली मांजरं पळाली. एक गिरणीवाल्याची म्हातारी तेवढी म्हणायची, वासाने तिची सर्दी गेली.

भोक म्हटलं की काकांना राहवत नसे. माझी दाढ किडली, तर रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे तेही आले. मी आ वासून पडलेलो, आणि हे माझ्या तोंडात डोकावून विचारताहेत, "डॉक्टरसायेब, हा मसाला पान्यात टिकते काय? थोडासा पुडीत बांधून देता?"

डॉक्टरांनी दिला नाही. काका घरी येईपर्यंत रुसलेले.

पावसाळा संपल्यावर एकदाचा डोंगा तयार झाला. काकांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या गावाला, भिवापूरच्या अलीकडे, मोठा तलाव आहे. तिथे तो सोडायचा ठरला. सहकाऱ्याच्या बायकोने जेवायला बोलावलं होतं, म्हणून काकूही आल्या. डोंगा पाण्यावर डौलात तरंगला. काठावर गाव जमलं होतं.

"चाल वं, एक चक्कर मारू," काका म्हणाले.

"सवतीच्या मांडीवर मी नाई बसत."

शेवटी मी आधी बसलो, मग भिडेखातर त्या आल्या आणि मागच्या फळीवर तोंड फिरवून बसल्या. काकांनी वल्हं मारलं. आम्ही बरेच आत गेलो आणि मला मागच्या बाजूला तळातून बुडबुडे येताना दिसले. सुपारीएवढं भोक, चक्क उघडं.

"काका, पाणी येऊन राहिलं!" मी ओरडलो.

काका वल्हवतच राहिले. ज्या माणसाने माझी दाढदेखील सोडली नाही, त्याच्या नजरेतून हे सुटलं? मी बोळा कोंबायला खांद्यावरचा दुपट्टा काढला. तेवढ्यात काकूंनी, तोंड फिरवूनच कुरकुरता कुरकुरता, चप्पल काढून उजवी टाच त्या भोकावर ठेवली. पाणी थांबलं.

मग त्यांची कुरकुर थांबली. पायाकडे पाहिलं. डोंग्याच्या काठावरून हात फिरवला.

"हा बाबाचा डोंगा हाय," त्या म्हणाल्या.

काकांनी वल्हं वर घेतलं.

मग दोघांच्या बोलण्यातून मला सगळं कळत गेलं. काकूंचे वडील वैनगंगेवर माणसं पैलतीरी न्यायचे. लाकडातली गाठ निखळून पडलेलं ते भोक कितीही बुजवलं तरी उघडायचं, म्हणून पोरीलाच टाच लावून तिथे बसवायचे. नवे कारकून बावणे कामानिमित्त नदी ओलांडायचे, ते याच डोंग्यातून. पुढे गाव धरणात गेलं, डोंगा विकला गेला. निवृत्तीनंतर काका नदीकाठच्या गावांतून फिरत होते, ढिवरांना, म्हणजे तिथल्या नावाड्यांना, विचारत होते. मासे आणायला जातात, असं आम्ही समजायचो.

"मले सांगतलं काहून नाई?" काकूंनी विचारलं.

"काय सांगू? थोच हाय का दुसरा, मले तरी कुठं पक्कं ठाऊक होतं," काका म्हणाले. "म्हून थे भोक पक्कं बुजवलं नाई. तुह्या टाचेलेच इचारायचं होतं."

काकूंनी पदराने डोळे पुसले, टाच आणखी घट्ट दाबली, आणि पलीकडच्या काठाकडे बोट केलं. तिथे बेशरमाच्या झुडपांशिवाय काहीच नव्हतं.

"तिकडं न्या," त्या म्हणाल्या.